सिलोनचे दहा दिवस

राघोत्तमनं सिलोनचा नकाशा जमखान्यावर पसरला. पंख्याच्या वाऱ्यानं तो उडायला लागला, तेव्हा चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार पितळी पेले ठेवले. समोर चंद्रिका बसली होती. शुक्रवारी दोघांनी पटकीची लस टोचून घेतली होती आणि रविवार उजाडला तरी तिचा दंड ठणकत होता.

"एग्मोर स्टेशनाहून संध्याकाळी बोट मेल गाडी," तो पेन्सिल फिरवत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दुपारी धनुष्कोडी. तिथून आगबोट, दोन-तीन तासांत पलीकडे. मग रात्रीची गाडी, ती सकाळी कोलंबोला."

"आगबोट लागली तर, मामा?"

"अगो, मामा म्हणू नको म्हणून किती वेळा सांगायच?" स्वयंपाकघरातून विशालाक्षीचा आवाज आला. "एकवीस दिवसांवर लगीन आल!"

विशालाक्षी ही चंद्रिकेची आई आणि राघोत्तमची थोरली बहीण. आई गेली तेव्हा राघोत्तम सहा वर्षांचा होता, हिनंच त्याला वाढवलं. पुढं हिचं कुंकू पुसलं गेलं, तेव्हा त्यानं मायलेकींना मैलापूरच्या या घरात आणलं. आता त्याच्याशीच मुलीचं लग्न ठरवून ती मोकळी झाली होती. तंजावरकडच्या मराठी माणसांत मामाशी लग्न ही काही नवलाची गोष्ट नाही. मुलगी परक्या घरी जात नाही आणि भाऊही परका होत नाही. एका दगडात दोन पक्षी. दगड लागला का, हे पक्ष्यांना कुणी विचारत नाही.

हनीमून हा शब्द राघोत्तमच्या साहेबानं काढला, पण उचलून धरला तो विशालाक्षीनं. "इथं राहिलात तर मामा-भाचीच राहाल," ती म्हणाली होती. "तिथं तुम्हाला कोण ओळखतय? दहा दिवस दूर जाऊन या."

"कँडीजवळ हत्ती नदीत आंघोळ करतात म्हणे," राघोत्तम म्हणाला. "तुला हत्ती आवडतात."

"आठ वर्षांची होते तेव्हा आवडायचे."

तो ओशाळला. त्यानं प्रवास कंपनीचा फॉर्म पुढं ओढला आणि भरायला घेतला. नावं, वयं, चौतीस आणि वीस. उतरण्याची तारीख. त्याखाली विचारलं होतं, खोलीत पलंग एक की दोन. ती ओळ त्यानं कोरीच सोडली आणि घाईघाईनं जेवणाच्या ओळीवर गेला. शाकाहारी, असं दोनदा लिहिलं. चंद्रिकेनं ती कोरी ओळ पाहिली.

आईनं काही ठरवलं आणि ते आपल्याला नको असलं, की ती मामाकडे जायची. मॅट्रिकनंतर आई कॉलेजला पाठवत नव्हती तेव्हा मामाच भांडला होता. त्याआधी वीणेचा क्लास सोडायचा होता, तेव्हाही. बहुतेक वेळा तो जिंकून यायचा. या वेळी गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? तिच्या बाजूनं बोलणारा जगात एकच माणूस होता आणि नवरदेव तोच होता.

तरी ती त्याच्याकडेच गेली. दुसरं दार तिला माहीतच नव्हतं.

"अम्माला एक सांगशील?" ती हळूच म्हणाली.

"काय सांगू?" नेहमीसारखंच त्यानं विचारलं.

"मला हे नको म्हणून सांग."

"सिलोन नको?"

तिनं नकारार्थी मान हलवली; ती सिलोनबद्दल बोलत नव्हती. डोळे भरून आले होते.

राघोत्तमची पेन्सिल थांबली. त्याला राग आला नाही, अपमानही वाटला नाही. उलट कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला. "मी पण रोज तेच..." तो म्हणाला आणि थांबला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यानं हात उचलला, अर्ध्यावरच मागे घेतला. "बस तू. सांगून येतो."

तो आत गेला. चंद्रिका कान देऊन ऐकत राहिली.

"अक्का, हे लगीन नको. पोरीला नको आणि मलाही नको. मी तिला मांडीवर घेऊन जेवायला घातलय."

पळीचा आवाज थांबला. मग विशालाक्षी बोलली. ती ओरडेल असं चंद्रिकेला वाटलं होतं, पण ती ओरडली नाही.

"सरी, बर. नको तर नको. उद्या ती परक्या घरी जाईल. तू बाहेरची कुणी आणशील. ती मला कसाला ठेवील? तेव्हा मी कुठं जाऊ, तेवढ सांग. सांग आणि मोड लगीन."

चंद्रिका दाराकडे सरकली. आता तो काहीतरी बोलेल. आजवर त्याला कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं.

"अक्का, रडू नको," एवढंच ऐकू आलं. "रडू नको म्हणतो ना मी." तेच त्यानं तीन-चार वेळा म्हटलं.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. पंच्यानं तोंड पुसून जमखान्यावर बसला. चंद्रिकेकडे त्यानं पाहिलं नाही. पेन्सिल कोलंबोवर टेकवून तो ती हळूहळू वर नेत राहिला.

"कँडीला एक दिवस पुरेल की दोन ठेवायचे?"

"कितीही ठेव," चंद्रिका म्हणाली. "परत इथंच यायच आहे."