जिन्याखालचा खोका

विद्यापीठात बॉम्ब असल्याचा निनावी फोन आला आणि ऐन परीक्षेत सगळी इमारत रिकामी झाली. जिन्याखाली चकचकीत कागदात गुंडाळलेला एक खोका सापडला.

"कुणी हात लावला नाही ना?" बॉम्बशोधक पथकाच्या इन्स्पेक्टर खिलाऱ्यांनी विचारलं.

"छे हो! बेवारस वस्तूला शिवायचं नाही, हे गेल्या वर्षी तुम्हीच शिकवून गेलात ना," कुलसचिव अभिमानानं म्हणाले. "तेव्हापासून आमच्याकडे कुणी कशालाच हात लावत नाही!"

जाडजूड चिलखती पोशाख चढवून खिलारे एकटेच आत शिरले. देवाचं नाव घेत त्यांनी कागद अलगद सोडवला. आत काचेच्या पेटीत पितळी मशाल होती आणि खाली त्यांचंच नाव कोरलेलं!

खिलाऱ्यांना सगळं आठवलं. गेल्या वर्षी व्याख्यान झाल्यावर शाल, नारळ आणि हे स्मृतिचिन्ह मिळालं होतं. "आता आणखी एक घरात आणलंत, तर तुम्हालाच बाहेर ठेवीन," असं बायकोनं आधीच बजावलेलं. म्हणून शाल-नारळ घेऊन त्यांनी खोका हळूच जिन्याखाली सरकवला होता.

खिलारे बाहेर आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "धोका टळला."

"आत होतं काय?"

"ते गोपनीय आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "साहेब, सत्काराशिवाय तुम्हाला सोडणार नाही!" म्हणत कुलसचिवांनी गाडीची डिकी उघडली. शाल निघाली, नारळ निघाला आणि पाठोपाठ चकचकीत कागदातला खोका, पहिल्याच्या दुप्पट.

खिलाऱ्यांनी निमूटपणे हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.