पाहुण्यांचा डबा

फाळणीनंतर मुलुंडच्या निर्वासित छावणीत आम्ही महिला मंडळाच्या बायका जुने कपडे वाटायला जायचो. सिंध्यांच्या घरी गेलं की आधी पाणी आणि भाजलेला पापड समोर येतो, मग ते घर म्हणजे गोणपाटाचा आडोसा का असेना. आमच्या अध्यक्षीणबाई तो "मुलांना नेते हं" म्हणत रुमालात गुंडाळायच्या आणि फाटकाबाहेर गटारात फेकायच्या. "शी! कुठल्या पाण्यात पीठ मळतात, कोण जाणे!" सभेत हीच बाई 'आपल्या निर्वासित भगिनी' म्हणून गळा काढणार! मला तिचीच शिसारी यायची. एके दिवशी छावणीतल्या म्हाताऱ्या चेतीबाईने तिला पापडांचा पितळी डबाच भरून दिला. "तुझ्या बच्च्यांना आवडतात ना, बेटी?" फाटकाबाहेर अध्यक्षीणबाईंनी तो गटारात उपडा केला. मागून चेतीबाई तिची विसरलेली छत्री घेऊन आली. गटाराकडे बघून म्हणाली, "डबा दे. दुसरे पाहुणे येतील."