ड्रॅगनचा कंदील

दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसांचे फलक रचणारा श्रीरंग जेवणाच्या सुट्टीत संगणकावर आवडत्या कादंबरीतला ड्रॅगन रेखाटीत असे. अंधाराला भिणारा तो ड्रॅगन शेपटीला कंदील बांधून हिंडे. श्रीरंगाला तेवढाच विसावा.

एकदा फलकाच्याच फाइलमध्ये काढलेल्या त्या चित्राचा लेअर, म्हणजे थर, लपवायचा राहून गेला आणि नगरसेवक भाऊंच्या फ्लेक्सवर, शुभेच्छुकांच्या रांगेत, ड्रॅगनही छापला गेला. भाऊ स्वतः दुकानात आले, तेव्हा नोकरी गेलीच, असे श्रीरंगाला वाटले.

"पोरं सेल्फी काढायलीत त्याच्यासंगं," भाऊ म्हणाले. "आता दर फ्लेक्सवर हाच पायजे. तेवढा कंदील काढून टाक आन् माझ्यावानी काळा गॉगल चढव."

मालकाने हसून मान डोलावली. श्रीरंगाने कंदील पुसून टाकला. मात्र गॉगल चढवण्यापूर्वी त्याने ड्रॅगनचे डोळे हलकेच मिटवले.