बोटभर जागा

"टायरमागं बोट शिरत असेल तरच चेन लावा, नाहीतर ती ब्रेकचा पाइप कापेल," बर्फात घसरू नये म्हणून चाकाला गुंडाळायची चेन देताना मनालीच्या दुकानदारानं बजावलं होतं.

वरातीत मिरवायला मंदारनं गाडीला रुंद, चपटे टायर बसवले होते. बर्फात गुडघे टेकून त्यानं बोट घालून पाहिलं. शिरलं नाही. मग त्यानं बायकोला, केतकीला बोलावलं. तिचं मेंदीचं बोट कसंबसं आत गेलं, अंगठी मात्र बाहेरच अडली.

"बघ, जातंय की."

"माझं जातंय रे. चेन तुझ्या बोटाएवढी जाड आहे. इथंच थांबू या ना."

"काही होत नाही," म्हणत त्यानं चेन ओढून बसवली.

उतार लागला. पहिल्या वळणाआधीच चाकातून खट्खट् ऐकू येऊ लागलं. केतकीनं त्याचा हात धरला. "थांबव."

मंदारनं गाण्याचा आवाज वाढवला.