पाण्यातले हात

“कारखान्याचं सांडपाणी या तळ्यात सोडायला ज्याची हरकत असेल, त्याने हात वर करावा,” बंधाऱ्यावर उभे राहून कारखान्याचे साहेब जमलेल्या गावाला म्हणाले.

खालापूरच्या त्या कारखान्यात नोकऱ्या कबूल झालेले बाप्ये मान खाली घालून उभे राहिले. नववीतल्या चिंधीने मात्र हात असा ताठ उचलला, की बांगड्या खणखणल्या.

“एकटीच? तीही पोर!” साहेब हसले.

“हात खाली घे गं, माजी नोकरी घालवशील,” तिचा बाप जैतू पुटपुटला.

“नाय घेनार, बाबा. आपन हेच पानी पितो ना?”

जैतू तळ्याकडे बघत होता. चिंधीनेही वाकून पाहिलं.

वारा पडला होता. पाण्यात सगळा गाव उलटा दिसत होता, आणि पाण्यातल्या प्रत्येकाने हात उचललेला होता.

साहेबांनीही पाहिलं. त्यांचं हसू विरलं. “हात खाली!” ते ओरडले.

पाण्यातला एकही हात हलला नाही. तिथल्या साहेबांनी तर दोन्ही हात उचलले होते, बुडणारा माणूस उचलतो तसे.