नाव कोरलेला डबा

पद्मिनीबाईंनी गरमागरम कटाची आमटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतली आणि पांढराशुभ्र डबा बघता बघता जांभळा पडला.

"मेलं, उतरलं प्लास्टिक आमटीत!" त्या करवादल्या. अन्नात रसायन झिरपलं की डब्यानं रंग बदललाच पाहिजे, असा कायदा होऊन वर्ष झालं होतं. ती आमटी मोरीत गेली.

शेजारच्या इंदुताईंशी तीन वर्षं अबोला होता, पण होळीची पोळी-आमटी शेजारी द्यायची ती द्यायचीच. आजवर प्लास्टिकचा डबा उंबऱ्यावर ठेवला की भागायचं. तो परत यायचा नाही. आता मात्र नाव कोरलेला स्टीलचा डबा द्यावा लागला. म्हणजे तो परत येणार, आणि रिकामा डबा तर कुणी परत करत नाही.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात इंदुताई! "सांज्याच्या पोळ्या आहेत," एवढंच बोलून, डबा हातात देऊन त्या वळल्या.

पद्मिनीबाईंनी डबा निरखला. त्यावर नाव इंदुताईंचं होतं.

"अहो इंदुताई, माझा डबा?"

"राहू दे की माझ्याकडे," पलीकडच्या दारातून हसरा आवाज आला. "आधी माझा भरून आणा."