साडेचार तास

दुपारचा एक वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि सायंकाळी सहाच्या ठोक्याला सामाईक महासंगणक दुरुस्तीसाठी बारा दिवस बंद व्हावयाचा होता. प्रयोगशाळेतील सर्वांत धाकट्या संशोधिकेचे काम सकाळपासून रांगेत एकेचाळिसावे उभे होते. पुरामध्ये पुलाचा खांब किती तग धरील, याचे ते शेवटचे गणित. प्रबंध सोमवारी सादर करावयाचा होता. आज आकडे हाती आले नाहीत तर अख्खे वर्ष वाया.

कामांना पाळी देणाऱ्या शेड्यूलर या प्रोग्रामची रांग तसूभरही सरकत नव्हती. नवल असे की, निम्मे प्रोसेसर रिकामे असल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसत होते.

"शेड्यूलरचं डोकं फिरलंय," दादा म्हणाला. दादा म्हणजे तेथे सात वर्षे मुरलेला ज्येष्ठ विद्यार्थी. काम रांगेत लावण्यासाठी लागणारी नमुना-फाइल सर्वांना त्यानेच दिलेली होती.

तिने ती फाइल उघडून ओळ न् ओळ वाचली. 'किती वेळ हवा' या रकान्यात चोवीस तास होते. मग तिने इतरांची कामे पाहिली. चोवीस, चोवीस, चोवीस. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शेड्यूलर बिचारा प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवून बसला होता. चोवीस तास मागणारे काम सहाच्या आत संपणे नाही, म्हणून तो कोणालाच आत सोडीत नव्हता.

तिने चोवीस खोडले आणि साडेचार लिहिले.

दादाने मान लांब करून पाहिले. मागितलेली वेळ संपली की शेड्यूलर काम असेल तेथे तोडून टाकतो, मग अर्धवट आकडे काय चाटायचे आहेत, असे त्याने विचारले. प्रयोगशाळेचे सरसुद्धा हात सैल सोडूनच मागायला सांगतात, हेही ऐकवले.

"सव्वाचार तास लागतील," ती म्हणाली.

"तुझ्या कानात येऊन सांगितलं वाटतं संगणकानं?"

"नाही, दादा. छोट्या नमुन्यांवर मोजलंय. तीनदा."

तिने बटण दाबले. पापणी लवते न लवते तोच तिचे काम सुरू झाले. एक वाजून सत्तावीस मिनिटे.

"चाळीस जणांच्या डोक्यावरून गेलीस की."

"जागा रिकामीच होती. मी फक्त मावेल एवढं मागितलं."

त्यानेही आकडा लहान करावा, अजून वेळ आहे, असे सांगून तिने पडदा मिटला आणि डबा घेऊन बाहेर पडली. दुसरे कोणी असते तर देव पाण्यात घालून बसले असते. ती पोटभर जेवली, ग्रंथालयाची पुस्तके परत करून आली आणि बाकावर टेकून चक्क एक डुलकीही काढली.

पावणेसहाला ती परतली, तेव्हा दादा एकटाच बसला होता.

"संपलं तुझं. पाच बेचाळीसला," तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सात वर्षं झाली मला इथे. माझ्या कामाला किती वेळ लागतो, ते कधी बघितलंच नाही मी."

त्याच्या पडद्यावर त्याची फाइल उघडी होती. वेळेच्या रकान्यातील चोवीस खोडलेले होते, आणि त्या जागी काहीच लिहिलेले नव्हते.